बेचाळीस थेंब

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकाचौकात दोर बांधतात.
धरून चालायचं. हसू नका.
माझी मावशी एकदा
एक बूट बँकेच्या दारात सोडून
पोस्टाच्या भिंतीला जाऊन चिकटली होती.

आमच्याकडे गुण एक ते सात.
चार म्हणजे पास.
तीन पूर्णांक नऊ म्हणजे नाही.
औषधशास्त्रात गेल्या वर्षी मला तीन पूर्णांक आठ.
दोन दशांश म्हणजे केवढं अंतर?
सुईच्या टोकाएवढं.
किंवा आई ज्या कारखान्यात खेकड्यांचे पाय फोडते
तिथल्या एका पेटीचे पैसे, गुणिले
सहा हिवाळे, गुणिले... नको.
दुसऱ्यांदा नापास झाले तर नाव कमी.
नियम सतरावा. औषधांपेक्षा तो मला
जास्त पाठ आहे.

भीती पावणेचारला उठते.
माझ्याआधी उठते, शेगडीशी पाय शेकत बसते
आणि विचारते :
हजार मिली सलाईन, आठ तास,
एका मिलीला वीस थेंब.
मिनिटाला किती, यास्ना बार्रिया?
मला येतं. दिवसा येतं.
तिच्यासमोर शून्यं इकडची तिकडे होतात.
आणि शून्य इकडचं तिकडे झालं
की माणूस इकडचा तिकडे होतो.

म्हणून काल मी स्वयंपाकघरातला गळका नळ घेतला.
समोर घड्याळ.
थोडा पिळला : साठ.
आणखी पिळला : तीस.
केसभर सैल : बेचाळीस.
पुन्हा मोजले. बेचाळीसच.
पातेल्यात टप्, टप्,
भीतीही शेजारी येऊन मोजायला लागली,
मोजता मोजता तिला दुसरं काही बोलता येईना.
आई उठून आली. हातांना अजून समुद्राचा वास.
‘नळ का चालू?’
‘पेशंट आहे,’ मी म्हटलं.
तिने वाकून पातेल्यात पाहिलं.
‘मग हळू बोल,’ म्हणाली,
आणि परत जाऊन झोपली.

वॉर्डात एलेउतेरिओ आजोबा आहेत,
जन्मभर मेंढ्या भादरलेले.
शिरा अशा की हात लावावा तर सरकतात.
माझी बोटं थरथरताना पाहून म्हणाले,
‘पहिल्या हंगामात माझ्या कात्रीखाली
एकोणीस मेंढ्या रक्तबंबाळ झाल्या.’
‘मग?’
‘मग काय. एकोणीसही तोंडं लक्षात आहेत.’
बाही वर केली त्यांनी.
‘मला विसावा करू नकोस म्हणजे झालं.’
पहिली सुई चुकली.
ते छताकडे बघत राहिले, शिट्टी वाजवत,
कुत्र्याला बोलावताना वाजवतात तशी.
दुसरी बसली.

आज परीक्षा. वारा ताशी एकशे दहा.
दोर धरून चालले होते, तर पुढे चार हातांवर
ओयार्सूनबाई. तीन पूर्णांक आठवाल्या.
कोटाच्या आत, पोटाशी, प्रश्नपत्रिकांचं पाकीट.
टोपी केव्हाच सामुद्रधुनीत गेलेली,
सगळे पांढरे केस माझ्या दिशेला.
त्यांचा तोल गेला की दोर
माझ्या मुठीत ताणला जाई.
माझा गेला की त्यांच्या.
एकदा वळून पाहिलं त्यांनी.
ओळखलं की नाही कोण जाणे,
इथल्या वाऱ्यात डोळे सगळ्यांचेच पाणावतात.

काठावर पास झालीस तर काय उपयोग,
असं मावशी म्हणते.
मावशी, आपण राहतोच काठावर.
पलीकडे एक बेट, मग बर्फ.

चौकाच्या टोकाला दोर संपतो.
तिथून कॉलेजचं दार तीस पावलं,
धरायला काही नाही.
बाई थांबल्या, पाकीट आवळलं,
मान खाली घातली आणि निघाल्या,
कुणी ढकलल्यासारख्या, तिरक्या.

मी दोर सोडला नाही लगेच.
म्हटलं, बेचाळीसपर्यंत मोजू.
एकेचाळीसला हात सुटला.